मानाचं पुरण

मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला लागून एक वाडी आहे, आणि वाडीच्या तोंडाशी मानसिंगची खानावळ. वर पत्रा, खाली लाकडी बाकं, पाटीवर 'चुलीवरचं घरगुती जेवण'. चूल खरी आहे. घरगुती मात्र जेवणापेक्षा भांडण जास्त, आणि राजगड-तोरण्याला निघालेल्या पुण्याच्या गिऱ्हाइकांना ते भाकरीबरोबर फुकट मिळतं.

चुलीपुढं मानसिंगची बायको रत्ना बसते. वय सदतीस. भाकरी पातळ, जीभ त्याहून पातळ.

"काकू, भाकरी जरा क्रिस्पी मिळेल का?" एका रविवारी डोक्यावर गॉगल चढवलेल्या एका मुलीनं विचारलं.

रत्नानं तव्यावरची भाकरी उलटली आणि अगदी त्याच नाजूक आवाजात, तश्शीच मान वेळावत उत्तर दिलं, "क्रिस्पी पाहिजे ना, तर पापड घ्या ना ताई." मग स्वतःच्या आवाजात, "आन काकू कुणाला गं? तुझ्या आईला म्हन काकू."

मुलगी पिठलं तसंच टाकून उठली. मानसिंग गल्ल्यावरून म्हणाला, "अगं, गिऱ्हाईक हाय ते."

"मग तू थाप भाकरी. काकू म्हनून घे."

एवढं बोलून होतंय तोच छातीतून एक वाफ निघाली, गळ्यातून चढत कानांपर्यंत गेली. तोंड लालबुंद. कपाळावरून घाम टपटप परातीत. पौषातली सकाळ होती, बाकावरची माणसं जाकिटात हात खुपसून बसली होती. पण चुलीपुढं बसलेल्या बाईला घाम आला तर त्यात कोण काय बघतंय? मानसिंग एवढंच म्हणाला, "धग लागतीय तुला. जरा मागं सरकून बस."

"मागं सरकून भाकरी काय तुझा आजा थापनार हाय?"

घाम चुलीपुढंच येत होता असं नाही. तो नदीवर धुणं धुताना आला, एसटीत आला, लग्नाच्या पंगतीत आला. झोपेत आला की ती वाकळ भिरकावायची आणि थोड्या वेळानं काकडून तीच वाकळ मानसिंगच्या अंगावरून ओढायची. फाट्यावरच्या डॉक्टरकडं गेली तर तो नाडीला हात लावायच्या आधीच म्हणाला, "विकनेस." त्याच्याकडं ताप घेऊन जा, खोकला घेऊन जा, सासूशी भांडून जा, माणूस बाहेर येताना विकनेस घेऊनच येतो. त्यानं सलाईन लावलं. घाम सलाईन लावल्या-लावल्याच आला.

आणि पाळी? ती दोन वर्षांपासून तिच्या मर्जीनं येत होती. दोन महिने नाही, मग एकदम धो धो, मग पुन्हा गायब. मग आलीच नाही. रत्नाला त्याचं कारण पक्कं माहीत होतं. तिच्या सासूच्या, ठकुबाईच्या, घरात पाळी आलेली बाई 'बाहेर' बसते. ओसरीच्या कोपऱ्यात, स्वयंपाकाला शिवायचं नाही, देवाकडं बघायचं नाही. मग गौरी आल्या, नवरात्र आलं, यात्रा आली, भावकीत लग्न निघालं, की घरातल्या सुना मेडिकलातून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणायच्या. रत्नानं तर वर्षानुवर्षं ढकलली होती. तिच्या हिशेबानं, ढकलून ढकलून ती कुठंतरी लांब जाऊन पडली असणार. पाळी येत नव्हती तरी गौरीला तिनं गोळ्या घेतल्याच. आली तर काय घ्या.

शनिवार-रविवारी मात्र बाहेर बसणं बंद. खानावळीची चूल थांबून चालत नाही. "न्हाई म्हंजी, गिऱ्हाइकाला इटाळ लागत न्हाई," ठकुबाई म्हणायची. "पुन्याची मानसं ती." ठकुबाईचं प्रत्येक वाक्य 'न्हाई म्हंजी'नं सुरू व्हायचं, आणि त्यानंतर जे यायचं ते 'हाय म्हंजे हायच' असायचं.

त्या ठकुबाईच्याच ध्यानात आलं. कोपऱ्यातली घोंगडी कितीतरी दिवस घडी मोडल्याशिवाय पडून होती.

"न्हाई म्हंजी, रत्ने, तू बाहेर बसलीस कवा शेवटची?"

रत्ना बोटांवर महिने मोजायला लागली. ठकुबाईचा चेहरा पहिल्यांदा उजळला तो नातवाच्या आशेनं. भोरला वसतिगृहात राहून शिकणारी एक नात होती, ती तिच्या हिशेबात धरलेली नव्हती. मेडिकलातून तपासायची पट्टी आली. एकच रेघ. दुसरी पट्टी आली. पुन्हा एकच रेघ. मानसिंगला विचारलं तर तो म्हणाला, "आता मी काय सांगू?" मानसिंगला काहीही विचारलं तरी तो हेच सांगतो.

मग ठकुबाई दोन दिवस गुडघे चोळत बसली, आणि तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा पुन्हा उजळला, आणि या खेपेला तो विझला नाही.

त्याचं असं होतं. चैत्रात जानाईची यात्रा. देवीचा मानाचा नैवेद्य या घरचा, आणि त्याचं पुरण पाट्यावर हातानं वाटायचं. वाटणारी बाई घरचीच पाहिजे आणि पाळी कायमची गेलेली पाहिजे. अशा बाईला वाडीत 'सुटलेली' म्हणतात. ठकुबाईनं पुरण वाटायला घेतलं ते पन्नाशी उलटल्यावर, आणि तेव्हापासून कुणाला पाट्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. पण आता तिचे गुडघे गेले होते. उकिडवी बसली की उठवायला दोघं लागायचे. आणि घरात सुटलेली बाई नसली की मान जातो भावकीत. म्हणजे साळूबाईकडं. साळूबाई ठकुबाईची चुलत जाऊ, समोरच्याच घरात राहते. गुडघे ठणठणीत. त्या गुडघ्यांवर ती कित्येक वर्षं दबा धरून बसली होती.

"देवीनंच सोडवली!" ठकुबाई ओसरीवरून, समोरच्या घरात नीट जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "न्हाई म्हंजी, सदतिसाव्या वर्साला! आमचं पुन्य कमी, आमाला पन्नाशीपत्तूर थांबावं लागलं."

समोरून साळूबाई आलीच, हातातला झाडू न ठेवता. "मला मेलीला काय कळतंय आक्का," ती म्हणाली. वाडीत ज्याला ज्याला साळूबाईनं सोललं, त्याला आधी हेच वाक्य ऐकू आलं होतं. "पन सदतीस वर्साची म्हातारी म्या तरी बघितली न्हाई. काल-परवा तर हळद लागली हिला."

'म्हातारी' हा शब्द रत्नाला कुसळासारखा रुतला. पण साळूबाईचा चेहरा बघितला आणि कुसळाचं काही वाटेना. याच साळूबाईनं रत्ना नवी नवरी असताना मांडवात सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "मला मेलीला काय कळतंय, पन पोरगी दिव्याच्या उजेडात बघितली जनू." आता तीच साळूबाई झाडू धरून उभी होती आणि झाडायला काही मिळत नव्हतं.

"साळूआत्या, पुरन लागलं तर सांगा," रत्ना म्हणाली. "परसाद म्हनून धाडून देईन."

चैत्रात रत्नानं पुरण वाटलं. लोण्यासारखं. डोक्यावर नैवेद्याचं ताट घेऊन ती देवळाकडं निघाली, पुढं ढोल, मागं बायका. देवळाच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि छातीतून ती वाफ उठली. तोंड लाल, अंगाला कापरं, घामानं चोळी भिजली. ताट कसंबसं खाली ठेवून ती बसली.

"आली! आली!" कुणीतरी ओरडलं.

ढोल वाढला. ठकुबाईनं पुढं होऊन तिच्या कपाळावर मूठभर कुंकू फासलं. रत्नाचा घसा कोरडा पडला होता. ती म्हणाली, "पानी."

"देवी पानी मागतीया!" आणि तांब्याभर पाणी तिच्या डोक्यावर ओतलं गेलं. खरं सांगायचं तर त्यानं बरंच वाटलं. डोळे उघडले तर पुढं रांग लागलेली, आणि रांगेत साळूबाई. नाक मुठीत धरल्यासारखं तोंड करून तिनं रत्नाच्या पायांवर डोकं टेकलं. रत्नानं पाय लवकर मागं घेतला नाही.

पुढचे महिने रत्नाची चैन होती. नळावर बायका बाजूला व्हायच्या. आजारी पोरं तिच्यापुढं आणून बसवायच्या. ठकुबाई तर सुनेला चहा आणून द्यायला लागली, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणून रत्नानं बाकीचं कुणाला सांगितलं नाही. सकाळी उठताना बोटांचे सांधे कडकड वाजायचे. भाकरीत मीठ टाकलं की नाही हे मध्येच आठवेनासं व्हायचं. रात्री मानसिंग जवळ आला की दुखायचं, कोरडं, कापल्यासारखं. म्हणून ती आधीच भांडण काढायची. ते सांगण्यापेक्षा भांडण काढणं सोपं होतं, आणि त्यात तिचा हात बसलेला होता.

थंडीत किकवीहून फोन आला. रत्नाची आई मोरीत पाय सरकून पडली, खुबा मोडला. तिला भोरच्या दवाखान्यात ठेवली होती. रत्ना उशाशी बसली. तिथं फेरीला डॉक्टर शेफाली आली. मुळात बाळंतपणं करणारी, पण बायकांच्या वॉर्डात कुठल्याही खाटेपुढं थांबून चौकशा करायची तिला खोड होती. वयानं लहान, आणि बोलणं असं की रुग्णानं आजारी पडून तिचाच वेळ घेतलाय.

"मोरीत पडल्या? नुसत्या पाय सरकून? तेवढ्यानं खुबा मोडला? वय काय यांचं?"

"आठ्ठावन," रत्ना म्हणाली.

"पाळी कधी गेली?"

आई खाटेवरून म्हणाली, "ही शाळंत व्हती तवाच गेली. पस्तिशी-छत्तिशीत. बरं झालं, कटकट मिटली."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. तिनं आईकडं बघितलं नाही, रत्नाकडं बघितलं. रत्ना एक्सरेच्या पाकिटानं खसाखसा वारा घेत होती.

"तुम्हाला काय होतंय?"

"मला? कुठं काय."

"बाहेर लोक कानटोप्या घालून बसलेत आणि तुम्ही वारा घेताय. तुमची पाळी येते का? ओके, खरं सांगा."

रत्नानं मान ताठ केली. "माझी सुटली. देवीनं सोडवली."

"देवीनं सोडवली की बंद पडली, ते रक्त तपासून बघू. ओके?"

रक्त एकदा घेतलं, महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा घेतलं, थायरॉईडचंही बघितलं. रत्ना प्रत्येक खेपेला तणतणत गेली, पण गेली. शेवटी डॉक्टरणीनं समोर बसवलं.

"तुमचे बीजकोष वेळेआधी थकलेत. काही घरांत आईकडून मुलीकडं असं येतं. चाळिशीच्या आत पाळी जाणं म्हणजे सुटका नाही, ओके? जे हार्मोन बाईला पन्नाशीपर्यंत मिळायला हवं, ते तुमचं आत्ताच आटलं. घाम, झोप न लागणं, विसरणं, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, चिडचिड—"

"चिडचिड माझा सोभाव हाय."

"असेल. बाकीचा स्वभाव नाही. आतून हाडं पोकळ होतात, पुढं हृदयालाही त्रास होतो. तुमच्या आईला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्या आज मोरीत पडून उठल्या असत्या आणि शिव्या देत बाहेर आल्या असत्या."

"आन त्या पाळी ढकलायच्या गोळ्या? त्यानंच झालं न्हवं हे?"

"नाही. पण त्यामुळं तुम्हाला कळलं उशिरा. पाळी आली नाही की गोळ्यांवर ढकलायचं." डॉक्टरणीनं घरात कुणाला छातीचा कॅन्सर होता का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, असं बरंच विचारलं, रक्तदाब बघितला आणि लिहून दिलं. हार्मोनच्या गोळ्या, पन्नाशीपर्यंत, अधूनमधून तपासून. बरोबर कॅल्शियम. ऊन घ्यायचं, चालायचं. "आणि महिन्याच्या महिन्याला रक्त जाईल. घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. ओके?"

रत्ना ताडकन उठली. "म्हंजी पाळी परत?"

"पाळीसारखंच."

"रक्त न येनाऱ्या न्हाईत का गोळ्या?"

"आहेत. पण तुमच्या वयाला, आत्ता सुरुवातीला याच बऱ्या. पुढं बघू."

"मग चैत्र झाल्यावर सुरू करते."

"चैत्रात काय आहे?"

"यात्रा."

"तुमच्या हाडांना माहितीये का यात्रा आहे म्हणून?" डॉक्टरीण म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

रत्नानं पिठाच्या डब्यामागं गोळ्या ठेवल्या आणि घ्यायला लागली. काही आठवड्यांत वाफ बसली. रात्रभर झोप लागली. मानसिंग जवळ आला आणि भांडण झालं नाही, तेव्हा तोच घाबरला. चिडचिड मात्र कमी झाली नाही. ती खरंच तिची स्वतःची होती.

मग रक्त गेलं. ठकुबाई त्याच दिवशी तिच्यापुढं एका शेजारणीचं लेकरू घेऊन आली. "न्हाई म्हंजी, जरा अंगारा लाव. तुझ्या अंगात जानाई हाय."

"जानाई न्हाई आत्या, आजार हाय!" रत्नाच्या तोंडून गेलं. शेजारीण लेकरू उचलून निघून गेल्यावर तिनं डब्यामागून पाकीट काढून सासूपुढं टाकलं. "आईचा जसा खुबा मोडला तसा माझा मोडनार हाय. ह्या गोळ्या घेती मी. आन मला पाळी येती. आज आलीया."

ठकुबाईनं पाकिटाकडं बघितलं नाही. तिनं दाराकडं बघितलं. "कुनाला सांगितलंस?"

"डाक्टरला."

"वाडीत कुनाला?"

"न्हाई."

ठकुबाईनं दार लावलं. "न्हाई म्हंजी, यात्रा होऊस्तवर बंद कर गोळ्या. मंग घे की वर्सभर. फाल्गुन लागला की बंद, यात्रा झाली की चालू."

"आन देवीला फसवायचं?"

"देवीचं माझं मी बघून घेते. माझं तिचं जुनं हाय. पन साळूला कशापायी कळाया पायजे?"

रत्नानं नवऱ्याकडं बघितलं. मानसिंग म्हणाला, "आता मी काय सांगू?"

"तू मर," दोघी एकदमच म्हणाल्या. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

आणि रत्नानं गोळ्या बंद केल्या. सासूच्या धाकानं म्हणावं तर ती सासूला कधी घाबरली नव्हती. तिला पुन्हा एकदा डोक्यावर ताट घेऊन चालायचं होतं. नळावर बाजूला होणाऱ्या बायका, पायांवर टेकलेलं साळूबाईचं डोकं, ते सोडवत नव्हतं. एका यात्रेनं काय होतंय, ती स्वतःला म्हणाली. फाल्गुनात वाफ परत आली, झोप परत गेली. ठकुबाईनं चहात साखर वाढवली.

यात्रेच्या आधी ती किकवीला गेली. आई घरी आणलेली होती, खाटेला खिळलेली. तिला भांड्यावर बसवायला भावाला आणि वहिनीला मिळून उचलावं लागत होतं. उचलताना आई तोंड भिंतीकडं फिरवायची. वहिनी आवरून गेल्यावर आई म्हणाली, "रत्ने, तुझ्या गोळ्या चालू हायत न्हवं?"

"व्हय."

"कटकट मिटली म्हनायचे मी," आई म्हणाली. "साऱ्या गावाला सांगत फिरले." आणि पुन्हा भिंतीकडं बघायला लागली.

एसटीत रत्नाला घाम आला. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं न्हाई का?" रत्ना म्हणाली, "तुमाला काय करायचंय?" घरी आल्यावर तिनं चप्पल काढायच्या आधी डब्यामागं हात घातला आणि गोळी घेतली. ठकुबाईला सांगितलं नाही.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात भावकी देवळात बसते आणि गुरव विचारतो. विचारायची रीत ठरलेली. सोनबा गुरव उभा राहिला, घसा खाकरला आणि वर्षानुवर्षं ज्या सुरात विचारत आला त्याच नाकातल्या सुरात म्हणाला, "आईचं पुरन कोन वाटनार? सुटलेली आसंल तिनं तोंडानं सांगावं."

तोंडानं सांगावं लागतं, आणि जिचं तिनंच. ठकुबाईनं रत्नाला कोपरानं ढोसलं. रत्ना उठली.

"मला मेलीला काय कळतंय," साळूबाई खांबाला टेकून म्हणाली, "पन पोरगी यंदा लई टवटवीत दिसतीया. म्हाताऱ्या बायका अशा दिसत न्हाईत."

तिला काही माहीत नव्हतं. तिनं आपला नेहमीसारखा दगड मारून बघितला होता. रत्नाला तिचा गळा दाबावासा वाटला. एवढंच म्हणायचं होतं, मी सुटलेली हाय, आणि साळूबाईचं डोकं पुन्हा पायांवर आलं असतं. पण मग पुढच्या फाल्गुनात गोळ्या बंद. त्याच्या पुढच्या फाल्गुनात बंद. तिला भिंतीकडं फिरवलेलं आईचं तोंड दिसलं.

"मी सुटलेली न्हाई," ती म्हणाली.

ठकुबाईनं तिचा पदर धरून खाली ओढला. रत्नानं पदर सोडवून घेतला. "मला पाळी येती. आजारानं गेली व्हती, आता गोळ्या घेती म्या. पन्नाशीपत्तूर घेनार. पुरन माझ्याकडनं न्हाई व्हायचं."

देवळात सगळे एकदम बोलायला लागले. सोनबा नाकातला सूर विसरून ओरडला, "आन गेल्या वर्साला अंगात आली ती?"

"गरम झालं व्हतं मला! पानी मागितलं प्यायला, तुमी डोक्यावर वतलं!"

"शिव शिव शिव," साळूबाईनं गालांवर चापट्या मारून घेतल्या. चापट्या हलक्या होत्या, डोळे चमकत होते. "आन मी हिच्या पायांवर डोकं ठेवलं! आक्का, म्हाईत व्हतं तुमाला?"

"न्हाई म्हंजी..." ठकुबाई म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिला पुढचं वाक्य सापडलं नाही.

मान साळूबाईकडं गेला. पुढचे दिवस नळावर रत्नासाठी कुणी बाजूला झालं नाही. उलट घागरी पुढं सरकवून तिला मागं ठेवलं. ज्यांची पोरं तिच्यापुढं बसली होती त्या बायका ती दिसली की पचकन थुंकायच्या. तिनंही कुणाचं उसनं ठेवलं नाही. प्रत्येकीला तिच्याच आवाजात तिचं वाक्य परत केलं. ठकुबाईनं सुनेशी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं की ती म्हशीला सांगायची. "म्हशे, पीठ संपलंय." "म्हशे, कुनाच्या तरी जिभेला हाड न्हाई."

यात्रेच्या दिवशी रत्ना नेमकी बाहेर होती. ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर पाय पसरून बसली होती. देवळाकडून ढोल ऐकू येत होते. दुपारी साळूबाईनं प्रसाद धाडला, मुद्दाम मोठ्या वाटीत. ठकुबाईनं वाटी गोठ्यात नेली, बोटानं पुरण चाटलं आणि थांबली. पुन्हा चाटलं.

"म्हशे," ती म्हणाली, "मिक्सरातनं काढलंय."

रत्नानं कान टवकारले.

"डाळ तशीच दाताखाली येतीया. न्हाई म्हंजी, पाट्यावर वाटलेल्यात अशी डाळ ऱ्हात न्हाई. देवीला मिक्सरचं घातलंय रांडेनं."

"म्हशीला काय कळतंय पुरनातलं?" रत्ना ओसरीवरून म्हणाली. "मला सांगा."

"तुझ्याशी कोन बोलतंय?"

"मंग जाऊन तिच्या तोंडावर सांगा की."

"कुठल्या तोंडानं सांगू? तू ठेवलंयस का तोंड मला?" ठकुबाईनं पुरणाची वाटी म्हशीपुढं उपडी केली. म्हशीनं ते एका जिभेत संपवलं. ठकुबाई गोठ्याच्या मेढीला धरून उभी राहिली, गुडघे चोळत, समोरच्या घराकडं डोळे लावून. तिथं पाहुण्यांची गर्दी होती आणि साळूबाईचं हसणं रस्ता ओलांडून येत होतं.

रत्नानं पाकिटातून गोळी काढली. "पानी द्या."

ठकुबाई तांब्या घेऊन आली. शिवायचं नव्हतं म्हणून तिनं वरून धार धरली, तोंड दुसरीकडं करून, आणि अर्धं पाणी मुद्दाम रत्नाच्या मांडीवर सांडलं. रत्नानं ओंजळीतल्या पाण्याबरोबर गोळी गिळली. ठकुबाई हलली नाही.

"न्हाई म्हंजी," ती म्हणाली, आणि या वेळी म्हशीकडं बघून नाही, "तुझ्या त्या डाक्टरनीला गुडघ्यातलं कळतंय का काय?"

"गुडघ्याचा डाक्टर येगळा आसतो. पन ती चिठ्ठी दील."

"पुढल्या चैत्रापत्तूर बरं व्हतंय का इचार."

"तो म्हनंल, जमिनीवर उकिडवं बसू नका."

"मग पुरन कसं वाटू?"

"साळूआत्याला इचारा. तिच्याकडं मिक्सर हाय."

ठकुबाईनं तांब्यात उरलेलं पाणी सुनेच्या अंगावर फेकलं आणि लंगडत आत गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला, मग तिचा. "सोमवारी भोरची पयली एसटी कितीला हाय गं?"

"तुमच्या लेकाला इचारा," रत्ना म्हणाली, आणि भिजलेला पदर पिळायला लागली.